खाणमालकाचे मृत्युपत्र

गोंदिया जेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे, त्या काळी येथील होतकरू विद्यार्थ्यांची दृष्टी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे लागलेली असे. त्या विद्यापीठास तंत्रविद्येसाठी मोठे पाठबळ लाभले ते एका व्यावसायिकाच्या मृत्युपत्रातून. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण १९३० साली दिवंगत झाले. आपल्या मिळकतीतून सुमारे ३५ लाख रुपये त्यांनी विद्यापीठास दिले आणि हेतूही नमूद केला : उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांचे शिक्षण. दात्याचे नाव कोरलेल्या धर्मशाळा गावोगावी आढळतात. प्रयोगशाळेसाठी तिजोरी उघडणारा धनिक विरळाच. हेतू लिहून ठेवणे अगत्याचे, कारण पुढे हिशेब विचारावयास दाता हयात नसतो. येथे तर बारा वर्षे गेली. १९४२ साली, ऐन महायुद्धात, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. रासायनिक अभियांत्रिकीबरोबरच तेल व अन्न यांचे तंत्रज्ञानही तेथे शिकविले जाऊ लागले. भातगिरण्यांच्या गोंदियास या विषयांचे मोल वेगळे सांगावयास नको.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने या संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठ केले. नावात ‘अभिनव’ हा शब्द आला, आपला अभ्यासक्रम आपणच आखण्याचा अधिकारही आला. लक्ष्मीनारायण हे नाव मात्र अग्रभागी तसेच राहिले.