शाहीर अमर शेख : कंठातील काव्य आणि छापील इतिहास

१९६९ हे साल मराठी शाहिरीच्या इतिहासात दुहेरी शोकाचे ठरले. त्या वर्षी १८ जुलैला अण्णाभाऊ साठे निवर्तले आणि बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख यांना अपघाती मृत्यू आला. एकाच कलापथकात वावरलेले हे दोन शाहीर. परंतु वाङ्मयेतिहासात दोघांच्या वाट्याला आलेली जागा सारखी नाही. अण्णाभाऊंच्या कथा-कादंबऱ्यांची चर्चा उत्तरोत्तर वाढत गेली. अमर शेख मात्र बहुतांशी चळवळीच्या आठवणींतच उरले. या अंतराचे कारण गुणवत्तेपेक्षा इतिहासकाराच्या मोजमापात शोधणे अधिक युक्त होईल.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ साली, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. लोकगीतांचे पहिले संस्कार त्यांच्यावर आई मुनेरबी यांच्याकडून झाले. पुढे गिरणीतील मजुरी, संप आणि तुरुंगवास या मार्गाने हा मुसलमान कष्टकऱ्याचा मुलगा मराठी पोवाड्याच्या परंपरेत आला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. शिवकालापासून वीरांचे पराक्रम गाणारा पोवाडा या तिघांनी कामगार व शेतकरी यांच्या झुंजीकडे वळविला.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड येथे उदाहरणादाखल घेता येईल. पोटासाठी मुंबईला आलेल्या पुरुषाचा विरह हा तिचा आरंभ. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे प्रदेश संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिल्याची व्यथा हा तिचा शेवट. खाजगी दुःखाकडून सार्वजनिक दुःखाकडे जाणारी ही वाट शब्दांत आहेच. परंतु अमर शेख यांच्या बुलंद आवाजाने ती सभेतील हजारोंना चालावयास लावली. तेव्हा या रचनेचे कर्तृत्व एकट्या लेखणीचे कसे मानावे?

छापील संहिता हेच वाङ्मयाचे प्रमाण मानण्याची सवय जुनी आहे. १८९१ मध्ये अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाडे संग्रहित करून मोठेच उपकार केले; परंतु कागदावर उतरले ते शब्द, डफ-तुणतुण्याची साथ व झीलकऱ्यांचा सूर नव्हे. अमर शेख यांच्याबाबतीत हीच हानी पुन्हा घडली. ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह उपलब्ध आहेत. पण त्यांवरूनच त्यांचे मूल्य ठरविणे म्हणजे नटाची योग्यता नाटकाच्या पुस्तकावरून ठरविण्यासारखे होय.

त्यांची कविता प्रचारकी आहे, या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पक्षाची घोषणा जेथे अनुभवावाचून येते, तेथे त्यांची ओळ सपाट होते. मात्र अशी ओळही श्रोत्यांसमोर कशी उभी राहत असे, हे जाणल्यावाचून दिलेला निर्णय अपुराच राहील. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले; ते घडविणाऱ्या लोकमताच्या जडणघडणीत या आवाजाचा वाटा होता. राजकीय इतिहासाने तो मान्य केला आहे. वाङ्मयेतिहासाने तो आपलाही मानला, तर गाणाऱ्याच्या कंठाला लेखणीच्या बरोबरीचे स्थान द्यावे लागेल. आणि मग केवळ अमर शेख यांचेच नव्हे, तर भारतीय भाषांतील असंख्य लोकगायकांचे मूल्यमापन नव्याने करावे लागेल.