स्थितिसंवेदन, गुडघ्याचे
डोळ्यांच्या साहाय्याविना गुडघा किती वाकला आहे व कोणत्या दिशेने हलत आहे, हे कळण्याच्या क्षमतेस गुडघ्याचे स्थितिसंवेदन म्हणतात. त्याच्या मापनाची एक रीत अशी : डोळे बांधलेल्या व्यक्तीचा गुडघा विशिष्ट कोनात वाकवून पुन्हा सरळ करतात व तोच कोन तिला स्वतः साधावयास सांगतात, पडलेला फरक अंशांत मोजतात. गुडघ्यातील एकमेकांना छेदणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी पुढचा, म्हणजे अग्र स्वस्तिक बंध, नडगीच्या हाडास पुढे सरकू देत नाही. धावताना एकाएकी वळल्यास किंवा उडीनंतर पाय टेकताना, कोणी अंगावर न आदळताही, तो तुटतो. मंद स्थितिसंवेदन हे त्याचे कारण असू शकेल काय, हा प्रश्न पुष्कळ अलीकडचा आहे.

स्नायूंकडून मेंदूकडे स्थितीची वार्ता जाते, असे सर चार्ल्स बेल यांनी १८२६ मध्ये प्रतिपादिले. या संवेदनास ‘प्रोप्रिओसेप्शन’ (स्वतःचे ग्रहण) हे नाव चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये रूढ केले. त्याचे मुख्य ग्राही सांध्यात की स्नायूंत, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. १९७२ मध्ये गुडविन, मक्लोस्की व मॅथ्यूझ यांनी कोपराजवळील कंडरांना कंपने दिली, तेव्हा स्थिर हातही हलत असल्याचा भास झाला. त्यामुळे स्नायूंतील ग्राहींचे महत्त्व प्रस्थापित झाले.

मानवी स्वस्तिक बंधांतही असे ग्राही असल्याचे १९८०–९० या दशकात दिसून आले आणि बंध म्हणजे केवळ दोर, ही कल्पना मागे पडली. हा बंध तुटलेल्या गुडघ्यास हालचाल उशिरा जाणवते, असे बॅरॅक व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८९ मध्ये आढळले. परंतु बंध तुटल्याने संवेदन मंदावले, की ते आधीच मंद होते, हे दुखापतीनंतरच्या मापनावरून ठरत नाही. या विषयावरील लेखनात ही अडचण अनेकदा दुर्लक्षिली जाते. खेळाडूंची आधी तपासणी करून नंतर त्यांच्या दुखापती नोंदविणारे एक संशोधन अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. २७७ महाविद्यालयीन खेळाडूंच्या या पाहणीत नंतरच्या गुडघेदुखापतींशी संबंध आढळला, तो गुडघ्याच्या नव्हे, तर धडाच्या स्थितिसंवेदनाचा, आणि तोही केवळ स्त्रियांत.

प्रशिक्षणाचे अनुभवही परस्परविरोधी आहेत. इटलीतील ६०० फुटबॉलपटूंच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन हंगामांत, डगमगत्या फळीवर तोल सावरण्याचा सराव केलेल्या गटात १० व इतर गटात ७० जणांचा हा बंध तुटला. मात्र गटांची विभागणी यदृच्छया केलेली नव्हती. स्वीडनमधील महिला फुटबॉलपटूंत (२०००) अशाच सरावाने दुखापती घटल्या नाहीत.

हँडबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांच्या दहा दुखापतींच्या चित्रफितींवरून (२०१०) पाय टेकल्यापासून सु. ४० सहस्रांश सेकंदात बंध तुटत असावा, असे अनुमान निघाले. एवढ्या अवधीत प्रतिक्षेपी क्रियेने स्नायूंत पुरेसा ताण निर्माण होऊ शकत नाही. म्हणून स्थितिसंवेदनाचा उपयोग असलाच, तर तो पाय टेकण्यापूर्वी स्नायू सज्ज करण्यात असावा. पुढील सराव-कार्यक्रमांत तोलाबरोबर उडीची रीत व मांडीच्या स्नायूंचे बलवर्धन यांचाही समावेश झाला. त्यांनी दुखापती कमी झाल्या, तरी त्यात स्थितिसंवेदनाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.