योगी अस्वलाचा टाय

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं कार्टूनवर काय बोलावं, असं कुणाच्या मनात येईल. पण मूळ आणि नक्कल हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. प्लेटोनं नकलेला मूळ वस्तूच्या खालच्या पायरीवर बसवलं. आपणही बहुतेक वेळा तसंच धरून चालतो. आज तोच प्रश्न आपण १९६१ सालच्या अमेरिकी वर्तमानपत्रांना विचारू.

पेपरातली चित्रपट्टी पडद्यावर जाणं काही नवं नव्हतं. पॉपाय खलाशी १९२९ साली पेपरात आला आणि १९३३ मध्ये सिनेमात गेला. उलटी वाटही होती. मिकी माउस आधी पडद्यावर दिसला, आणि जानेवारी १९३० मध्ये त्याची चित्रपट्टी सुरू झाली. पुढे घराघरांत टीव्ही आला, तेव्हा टीव्हीवरची पात्रंही याच वाटेनं पेपरात आली.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे टॉम आणि जेरीचे जनक. १९५७ साली एमजीएमनं कार्टून विभाग बंद केला आणि या दोघांनी टीव्हीसाठी स्वतःचा स्टुडिओ काढला. टीव्हीचा पैसा तुटपुंजा, त्यामुळे चित्रं कमी काढणं भाग होतं. आता योगी अस्वलाकडे बघा. अंगात सदरा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय! ही हौस नव्हे, काटकसर आहे. धडाचं चित्र तेच ठेवून नुसतं डोकं हलवायचं, तर मानेचा सांधा झाकला पाहिजे. तो कॉलरनं झाकला जाई.

५ फेब्रुवारी १९६१ च्या रविवारी योगी पेपरात आला आणि २ ऑक्टोबरला फ्लिंटस्टोन कुटुंब. मॅकनॉट सिंडिकेट या चित्रपट्ट्या ठिकठिकाणच्या पेपरांना पुरवत असे. चित्रांमागचा मुख्य हात जीन हॅझेलटन यांचा. कागदावर काहीच हलत नाही, म्हणजे टायचं काम तिथं संपलं. तरी टाय राहिला. कारण गेलं, रूप उरलं, आणि वाचकाला तो योगीचा स्वभावच वाटू लागला. आपल्या कितीतरी रीती अशाच नाहीत का?

मग पेपरातली चित्रपट्टी ही नुसती नक्कल होती का? डॉज बटलर यांनी योगीला दिलेला आवाज कागदावर येणार नव्हता, हे खरं. पण चित्रकाराला तिथं प्रत्येक चौकट नव्यानं काढायची होती. टीव्हीवर ताठ उभं राहणारं धड इथं वाकू शकत होतं, वळू शकत होतं. आणि रंग? ‘द फ्लिंटस्टोन्स’ रंगीत तयार होत असे, पण एबीसी वाहिनीनं रंगीत प्रक्षेपण सुरू केलं ते १९६२ च्या सप्टेंबरात. त्यानंतरही बहुसंख्य घरांतले संच कृष्णधवलच होते. म्हणजे १९६१ सालच्या मुलाला फ्रेड टीव्हीवर करडा दिसे आणि रविवारच्या पुरवणीत रंगीत. मग मूळ कुठलं म्हणायचं? शिवाय घरी कार्यक्रम टिपून ठेवायची सोय नव्हती. अर्धा तास संपला की संपला. पेपरातलं चित्र मात्र कापून वहीत ठेवता येई.

पण पेपरही शेवटी रद्दीच. पुढे अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांनी जागेसाठी जुने अंक मायक्रोफिल्मवर घेतले आणि कागद काढून टाकले. ती फिल्म बहुतांशी कृष्णधवल. रविवारचा रंग, जो टीव्हीनंही दिला नव्हता, तो असा पुसला गेला. तो काही प्रमाणात वाचला त्याचं मोठं श्रेय बिल ब्लॅकबिअर्ड यांना. त्यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत संस्था काढून हे टाकलेले कागद गोळा केले. पुढे तो प्रचंड संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला.

आमचं म्हणणं एवढंच, की नक्कल म्हणून ज्याला आपण हलकं मानतो, त्यात कधीकधी मुळाला न जमलेलं काहीतरी असतं. ते काय आहे हे पाहण्याआधीच ते रद्दीत गेलं, तर पुढच्यांनी इतिहास लिहायचा कशावरून?