नगरमृत्तिकेतील शिसे : एक ऐतिहासिक टिपण

शिशाचा विषारीपणा प्राचीनांसही ठाऊक होता. परंतु नगरांच्या मातीत तो धातू सर्वदूर पसरला तो मुख्यत्वे विसाव्या शतकात. घरांचे रंग व धातूंचे कारखाने यांचा त्यात वाटा आहेच. येथे मात्र पेट्रोलमधील शिशापुरताच विचार करावयाचा आहे.

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे टॉमस मिजली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्यास एंजिनातील ठोके थांबतात. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथे या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. १९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी त्यास विरोध केला. तथापि, बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाही, असा अभिप्राय शासननियुक्त समितीने १९२६ मध्ये दिला. समितीने तपासले ते वाहनचालक व गॅरेजमधील कामगार. रस्त्याकडेच्या मातीत खेळणारे मूल तिच्या दृष्टीपुढे नव्हते.

या उणिवेचे परिणाम पुढे दिसून आले. १९८३ मध्ये हॉवर्ड मिल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमधील बागांच्या मातीविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. सर्वाधिक शिसे शहराच्या मध्यभागी, दाट रहदारीच्या वस्तीत एकवटलेले होते. तेथील घरे बहुतांशी विटांची व बिनरंगाची असल्यामुळे केवळ रंगास दोष देणे शक्य नव्हते.

शिसे मातीतील चिकणकणांस व सेंद्रिय द्रव्यास घट्ट चिकटते. पावसाने ते सहसा खोल झिरपत नाही, व त्याचा नाशही होत नाही. मातीने माखलेला हात मूल तोंडात घालते, आणि प्रौढांपेक्षा त्याच्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. बुद्धीच्या विकासास त्यामुळे हानी पोहोचते. रक्तातील शिशाची अमुक पातळी निर्धोक, असे आज कोणतेही प्रमाण मानले जात नाही.

अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल १९९६ मध्ये बंद झाले. भारतात मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून शिसेरहित पेट्रोल मिळू लागले व २००० मध्ये ते देशभर लागू झाले. २०२१ मध्ये अल्जीरियाने शेवटची विक्री थांबविली. हवा त्यामुळे पुष्कळ निवळली. परंतु कायद्याने उगम बंद होतो, साठा नाहीसा होत नाही. न्यू ऑर्लिन्स येथे बालसंगोपनगृहांची अंगणे मिसिसिपीच्या स्वच्छ गाळाने झाकण्यात आली, हा उपाय साधा असला तरी अनुकरणीय आहे. सारांश, मुलांच्या क्रीडांगणाची माती तपासणे हे नगरशासनाचे आद्य कर्तव्य होय.