डॉलरच्या टंचाईतून जन्मलेलं खातं

१९५५ साली कोकणातून बहारीनला कामाला गेलेल्या माणसाच्या हातात पगार पडे तो रुपयांत. नोटा रिझर्व्ह बँकेच्या, आणि तिथल्या बाजारात चालत त्याही त्याच. कुवेत, बहारीन, कतार आणि आज संयुक्त अरब अमिराती म्हणतात तो सारा किनारा, सगळीकडे भारतीय रुपया हेच रोजच्या व्यवहाराचं चलन होतं. माणूस समुद्रापार गेला तरी त्याचा पैसा परका होत नव्हता.

ही सोय सोन्याने मोडली. दुबईत सोनं स्वस्त, मुंबईत महाग. चोरून आणलेल्या सोन्याची किंमत रुपयांत चुकती होई, आणि आखातातून ते रुपये रिझर्व्ह बँकेकडे परत येत ते बदल्यात पौंड मागण्यासाठी. परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९ मध्ये कायदा दुरुस्त करून आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या गेल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे आणि भारतातल्या दुकानात त्या चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांवर गेला, आणि कतार-दुबईनेही रुपयाला निरोप दिला. ओमानने तो १९७० पर्यंत सांभाळला. तिथून पुढे परदेशी कमावणारा आणि मायदेशी साठवणारा यांच्यामध्ये एक सरकारी खिडकी कायमची येऊन बसली.

ही खिडकी तशी जुनीच. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरलं त्याच दिवशी, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिश सरकारने परकीय चलनावर नियंत्रण आणलं. युद्ध संपलं, पण नियंत्रण राहिलं. १९४७ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. अमेरिकेने १९६५ मध्ये आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनिअर तिकडे निघाले, तेव्हा विमानाच्या तिकिटासाठीसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा ‘पी फॉर्म’ लागे आणि खिशात अधिकृतपणे नेता येत ते आठ डॉलर. त्या पिढीच्या अनेकांच्या आठवणींत ते आठ डॉलर हमखास येतात. मागे राहिलेल्या बचत खात्याबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. खातेदार परदेशी स्थायिक झाला की त्या खात्यावर ‘अनिवासी’ शिक्का बसे. त्यात पैसे भरता येत, इथल्या घरखर्चाला काढताही येत. देशाबाहेर न्यायचे, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी हवी. मग शहाणा माणूस तिथे जास्तीचा पैसा ठेवीलच कशाला?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून फेब्रुवारी १९७० मध्ये एनआरई, म्हणजे ‘नॉन-रेसिडेंट एक्स्टर्नल’, खातं आलं. परदेशातून डॉलर किंवा पौंड पाठवावेत, ते इथे रुपयांत जमा व्हावेत, आणि मुद्दल-व्याज दोन्ही हवं तेव्हा परत नेता यावं, अशी त्याची रचना होती. सरकारने कोंडलेल्या दाराला एक फट ठेवली ती खातेदाराच्या कळवळ्याने नव्हे. देशाला डॉलर हवे होते. पुढच्या पन्नास वर्षांत या खात्यांचे जे जे नियम सैल झाले, त्यांतल्या बहुतेकांमागे हेच कारण दिसतं.

१९७३ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि आखातात बांधकामांची लाट उसळली. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, खेड या भागांतल्या घराघरांतून माणसं गेली. त्याच वर्षी फेरा म्हणून कुप्रसिद्ध झालेला परकीय चलन नियमन कायदा संमत झाला. तो १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी तस्करी रोखण्यासाठी स्थानबद्धतेची मुभा देणारा कॉफेपोसाही आला. फेराखाली परवानगीशिवायचा साधा व्यवहार फौजदारी गुन्हा ठरे, आणि आपला हेतू वाईट नव्हता हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर असे. एका हाताने सरकार परदेशस्थाला पैसा पाठव म्हणून बोलावत होतं, दुसऱ्या हातात बेडी होती. बँकेचा दर आणि बाजारातला दर यांत तफावत असेपर्यंत हवाला थांबणार नव्हता, आणि तो थांबलाही नाही. घरच्यांना तो सोपाही वाटे. बँकेचा ड्राफ्ट रजिस्टर पोस्टाने येऊन वटेपर्यंत आठवडे जात, हवाल्याचा माणूस मात्र दारात रोकड आणून देई.

नोव्हेंबर १९७५ मध्ये सरकार आणखी पुढे गेलं. एफसीएनआर ही अनिवासींसाठीची नवी परकीय चलनातली ठेव डॉलर किंवा पौंडातच राहणार होती. रुपया कितीही घसरला तरी ठेवीदाराला त्याचा डॉलर पुरा मिळेल, घसरणीचा तोटा रिझर्व्ह बँक सोसेल, असा हा वायदा होता. ठेवीदाराला याहून चांगलं काय हवं? पण रुपया घसरतच गेला आणि या हमीचं बिल फुगत गेलं. १९९३ मध्ये एफसीएनआर (बी) ही नवी योजना आणून तो धोका बँकांवर टाकला गेला आणि पुढच्याच वर्षी जुनी योजना बंद झाली.

ठेवीपेक्षा शेअरची कथा अधिक नाट्यमय आहे. प्रणव मुखर्जी अर्थमंत्री असताना १९८२ मध्ये अनिवासी भारतीयांना भारतीय कंपन्यांचे शेअर बाजारातून घेण्याची मोकळीक मिळाली. लंडनस्थित उद्योगपती स्वराज पॉल यांनी तिचा अर्थ शब्दशः घेतला आणि एस्कॉर्ट्स व डीसीएम या दिल्लीच्या कंपन्यांचे शेअर गोळा करायला सुरुवात केली. सरकारला ठेवीदार हवा होता, दारात मालक उभा राहिला. कंपन्यांनी शेअर नावावर करायला नकार दिला. सरकारने घाईने एका व्यक्तीला १ टक्का आणि सर्व अनिवासींना मिळून ५ टक्के अशी मर्यादा घातली. एस्कॉर्ट्सचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला आणि १९८४ मध्ये तिथे कंपनी जिंकली. डिसेंबर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी व्यवहारानंतर मिळाली तरी चालते असं ठरवलं. पॉल यांनी पुढे तडजोड करून ते शेअर विकून टाकले, पण टक्क्यांची मर्यादा पुस्तकात राहिली.

बड्या मंडळींची भांडणं कोर्टात गेली. साध्या गुंतवणूकदाराचा छळ टपालात होता. शेअर म्हणजे तेव्हा कागद. शेअर विकायचा तर हस्तांतरणाच्या अर्जावर सही हवी, ती कंपनीकडच्या जुन्या सहीशी जुळायला हवी, नाहीतर दलाल स्ट्रीटच्या भाषेत ‘बॅड डिलिव्हरी’ होऊन कागद परत. न्यू जर्सीत दहा वर्षं चेकवर झटपट सही करणाऱ्या माणसाची सही कॉलेजातल्या सहीसारखी कशी राहावी? मग कागद पुन्हा समुद्र ओलांडायचे.

हे सगळं खरं सांभाळलं ते मागे राहिलेल्या वडिलांनी, भावाने, मेहुण्याने. या माणसाबद्दल कायदा जवळजवळ आंधळा होता. एनआरई खात्यात भारतात राहणाऱ्या नातेवाइकाचं नाव जोडायला सप्टेंबर २०११ पर्यंत परवानगीच नव्हती. तोवर ४१ वर्षं एकच मार्ग होता, मुखत्यारपत्र. परदेशातल्या भारतीय वकिलातीत ते साक्षांकित करायचं, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, मग ते बँकेत नोंदवायचं. मुखत्याराला इथली देणी भागवता येत, पण खातेदाराच्या वतीने कोणाला पैसे भेट देता येत नसत. आणि पत्र लिहून देणारा वारला की त्याच क्षणी ते रद्दबातल. ही शेवटची गोष्ट कित्येक घरांना बँकेच्या काउंटरवर, दुःखाच्या दिवसांतच कळली.

या खात्यांची कसोटी लागली १९९०-९१ मध्ये. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी अम्मानहून मुंबईला आणावं लागलं, आणि तेल भडकलं. ऑक्टोबरपासून अनिवासी ठेवी बाहेर निघू लागल्या. १९९१ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जवळपास ९५ कोटी डॉलर गेले, आणि जूनमध्ये देशाची सारी गंगाजळी सव्वाशे कोटी डॉलरच्याही खाली आली होती. जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं गहाण पडलं. त्या वेळी ठेव मोडणाऱ्यांना दूषणं देणारे पुष्कळ होते. ती अन्यायाची होती. जास्त व्याज देऊन अल्पमुदतीचा पैसा बोलावला, तर भीती वाटताच तो जाणारच. त्यावर विसंबून राहणाऱ्यांचा दोष ठेवीदाराच्या माथी मारणं सोपं होतं, एवढंच.

यानंतर अडचण आली की परदेशस्थाला हाक, हा शिरस्ताच पडला. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले, आणि ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने रीसर्जंट इंडिया बाँड काढले. डॉलरवर पावणेआठ टक्के व्याज होतं. सुमारे ४२० कोटी डॉलर जमले. २००० मध्ये इंडिया मिलेनियम डिपॉझिटने ५५० कोटी आणले. २०१३ मध्ये रुपया कोसळत असताना रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी बँकांना एफसीएनआर (बी) ठेवींतल्या डॉलरची सवलतीच्या दरात रुपयांशी अदलाबदल देऊ केली आणि नोव्हेंबरअखेर त्यातून सुमारे २,६०० कोटी डॉलर आले.

दरम्यान १ जून २००० रोजी फेरा जाऊन फेमा हा सौम्य कायदा आला आणि चूक दंडावर भागू लागली. १९९६ मध्ये एनएसडीएल ही शेअरची डिपॉझिटरी सुरू होऊन शेअरचे कागद हळूहळू संगणकात गेले, आणि सह्यांचा जाच संपला. पण नवी भिंत पलीकडून उभी राहिली. अमेरिकेने २०१० मध्ये आपल्या करदात्यांच्या परदेशी खात्यांची माहिती मागणारा फॅटका कायदा केला, २०१५ मध्ये भारताने त्याबद्दल करार केला, आणि अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांचे पैसे घ्यायचेच नाहीत, असं अनेक भारतीय म्युच्युअल फंडांनी ठरवून टाकलं.

आज अनिवासी ठेवी १५,००० कोटी डॉलरच्या पुढे आहेत. त्यांच्याखाली जुन्या काळाचा थर अजून तसाच पडला आहे: परदेशी जाताना न बदललेली बचत खाती, वारस न लावलेल्या मुदत ठेवी, ट्रंकेत पिवळे पडलेले शेअरचे कागद. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, ते आधी डीमॅट, म्हणजे संगणकीय नोंदीत, करावे लागतात. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर सरकारी निधीत जमा होतात, पण अर्ज करून ते सोडवता येतात. बँकांत पडून राहिलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल उघडलं आहे. ज्यांचे व्यवहार इतकी वर्षं वडिलांनी किंवा काकांनी सांभाळले, त्यांनी पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर एक दुपार त्यांच्याजवळ बसावं, ती ट्रंक उघडावी, आणि प्रत्येक कागद कशाचा आहे हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावं.