भिंत सरकते तेव्हा

तुम्ही बर्लिनमध्ये आहात, 1840च्या दशकात. गेली काही वर्षं तुमच्या तळपायांना जमीन कळेनाशी झाली आहे. लाकडी फरशीवर उभं राहिलं तरी खाली कापूस पसरल्यासारखं वाटतं. दिवसा निभतं. रात्री दिवा विझला की चाचपडत भिंत धरायची. सकाळी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटतात आणि तोल जातो.

समोर डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग आहेत. ते पाय जुळवून उभं राहायला सांगतात. जमतं. मग डोळे मिटायला सांगतात, आणि त्याच क्षणी अंग हेलकावे खाऊ लागतं. कुणीतरी दंडाला धरून सावरतं. पायांची खबर मेंदूपर्यंत नेणारे मज्जारज्जूतले तंतू झिजले आहेत. इतके दिवस तुम्ही डोळ्यांच्या आधारावर उभे होता, आणि ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. ही परीक्षा मज्जाविकारतज्ज्ञ आजही करतात. तिला दोन पाय आणि दोन पापण्या पुरतात. मला ती वैद्यकातली फार देखणी गोष्ट वाटते.

आता डोळे उघडा. एडिंबरा, 1974.

तुमच्याभोवती तीन भिंती आणि छत आहे, पण ही खोली जमिनीला जोडलेलीच नाही. तुम्ही उभे आहात ती जमीन पक्की, पाय धडधाकट. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली ती अख्खी खोली जराशी सरकवतात, समोरची भिंत तुमच्याकडे येते आणि तुम्ही मागे झुकता. का? भिंत जवळ आली याचा अर्थ तुमच्या शरीराने लावला तो असा, की आपणच पुढे कलंडतोय. तळवे सांगतात जमीन जागेवर आहे. कानाच्या आतलं संतुलनाचं इंद्रिय सांगतं डोकं हललेलं नाही. तरी शरीर ऐकतं डोळ्यांचं. याच खोलीत ली आणि त्यांचे सहकारी एरिक अ‍ॅरन्सन यांनी 13 ते 16 महिन्यांची मुलं उभी केली. भिंत पुढे आली की त्यातली काही मागच्या मागे धपकन बसत. कुणी हातही लावलेला नसे.

ती खोली आता आभासी वास्तवाचा हेडसेट होऊन डोक्यावर चढते. 1968मध्ये संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांचं असं यंत्र छताला टांगलेलं होतं. आज तुम्ही घालताय तो हेडसेट चष्म्यासारखा बसतो. छताला टांगलेले आहात ते तुम्हीच. छातीभोवती पट्टे, वर दोर, पायांखाली दाबाचा प्रत्येक हेलकावा टिपणारी पाटी.

तुम्हाला कंपवात आहे. या आजारात शरीर बऱ्याचदा डोळ्यांवर जास्तच विसंबतं, म्हणून अंधार आणि गर्दी दोन्ही घात करतात. भर बाजारात तुम्हाला धक्का देऊन तोल किती ढळतो हे कुणी मोजू शकत नाही, मोजूही नये. इथे बाजार खोटा, दोर खरा. हेडसेटच्या काचेतली भिंत पुढे येते, तुम्ही मागे जाता, आणि पुन्हा मधे येताना वेळ लागतो. तो किती, हे पाटी नोंदवते. पडण्याच्या धास्तीने माणसं घराबाहेर जाणंच सोडतात. हा वेळ मोजणं त्यांच्यासाठी आहे.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तुमचे दोन्ही हात मोकळे आहेत. ना काठी, ना कठडा, ना कुणाचा खांदा.

भिंत पुन्हा सरकू लागते. या वेळी हात आधार शोधत नाहीत.