आया, पाळणाघर आणि सरकारी तपासनीस

हुगळी नदीच्या दोन्ही तीरांवर कलकत्त्याच्या आसमंतात तागाच्या गिरण्यांची जी लांबच लांब रांग उभी राहिली, तिचा आरंभ १८५५ साली रिश्रा येथे झाला. बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा आणि तेलुगू मुलूख येथून माणसे पोटासाठी ह्या गिरण्यांत आली. त्यांत स्त्रियाही होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. ह्या स्त्रियांची तान्ही मुले कामाच्या वेळात कोणी सांभाळावी, आणि जी बाई ती सांभाळील तिच्या कामात सरकारने कोठवर लक्ष घालावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याची उत्तरे शोधताना राज्यसत्तेने दोन परस्परविरुद्ध चुका केल्या आणि दोहोंचाही इतिहास ह्याच शहरात घडला.

१९२३ साली डॉ. डॅगमार कर्जेल ह्या स्त्री-डॉक्टरांचा बंगालच्या उद्योगधंद्यांतील स्त्री-कामगारांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कानठळ्या बसविणारी यंत्रे, हवेत तागाची धूळ आणि आईच्या जवळच गोणपाटावर टाकलेले मूल, असे गिरणीतील चित्र त्या काळच्या अशा पाहण्यांतून पुढे आले. मुंबईची स्थिती निराळी नव्हती. मूल निजून राहावे म्हणून त्याला अफू देण्याची चाल तेथील गिरणगावात सर्रास होती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात पाळणाघरांची शिफारस केली. पुढे १९३४ च्या कारखाने कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे कामास आहेत तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली राखण्याची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. सरकारी तपासनीसाच्या वहीत पाळणाघराने प्रवेश केला तो असा.

प्रवेश केला खरा; पण वहीत आली ती खोली, मूल नव्हे. खोली किती लांब, किती रुंद, भिंतींना चुना दिला आहे की नाही, ह्या गोष्टी मोजता येतात. म्हणून त्याच मोजल्या गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४४ साली, कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ह्याच चौकशीत तागगिरण्यांवरील स्वतंत्र अहवाल एस. आर. देशपांडे यांनी लिहिला. १९४६ च्या समितीच्या मुख्य अहवालात पाळणाघरांविषयीचा सूर समाधानाचा नाही. ह्यात नवल नाही. तपासनीस येणार हे आधी कळले, तर एका रात्रीत भिंत पांढरी करता येते. एका रात्रीत न करता येण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे मुलाचा आणि आयेचा परस्परांशी जडलेला परिचय. तो पाहावयाचा तर तपासनीसाने घटकाभर गप्प बसून राहिले पाहिजे. आणि गप्प बसण्याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो.

‘आया’ हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. साहेबाच्या बंगल्यातील आया सर्वांच्या परिचयाची होती. गिरणीतील आयेकडे मात्र कायद्याचे लक्ष फार उशिरा गेले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४८ व्या कलमाने, खोलीत पुरेसा उजेड, वारा आणि स्वच्छता असावी इतके सांगून न थांबता, मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली ती खोली असावी, असे म्हटले. मुलांना दूध किंवा खाणे मिळावे आणि आईला ठराविक वेळाने मुलास पाजता यावे, ह्यासाठी नियम करण्याची तरतूदही त्यात होती. पाळणाघर म्हणजे चार भिंती नव्हेत, तेथे बसलेली बाई होय, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

दुसरी चूक ह्याच्या नेमकी उलट होती आणि ती आधी घडली होती. १८६८ साली हिंदुस्थान सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला आणि पुढील वर्षी कलकत्त्यात त्याचा अंमल सुरू झाला. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नयेत म्हणून वेश्याव्यवसायातील स्त्रियांची सक्तीने नोंदणी व वैद्यकीय तपासणी करावी, असा तो कायदा. नोंदणी स्त्रीची, तपासणी तिच्या शरीराची, आणि शिपाई मात्र मोकळा! परिणाम व्हावयाचा तोच झाला. अनेक स्त्रिया शहर सोडून फ्रेंचांच्या चंद्रनगरात आणि उपनगरांत निघून गेल्या. अखेर १८८८ साली हा कायदा रद्द करावा लागला. गिरणीत तपासनीसाने पाहावयाचे ते पाहिले नाही. येथे सरकारने पाहू नये ते पाहिले.

इंग्लंडमध्ये हाच पेच पैसे घेऊन परक्यांची मुले सांभाळणाऱ्या बायांच्या बाबतीत उभा राहिला. अशा एका बाईला अर्भकाच्या खुनासाठी १८७० साली फाशी झाली आणि १८७२ साली तान्ह्या मुलांच्या रक्षणाचा कायदा आला. एकाहून अधिक तान्ही मुले मोबदला घेऊन ठेवणाऱ्यांना नोंदणी आवश्यक झाली. गरीब बाईच्या घरात पुरुष अधिकारी कोणत्या हक्काने शिरणार, असा आक्षेप तेथील स्त्री-हक्कवाद्यांनी घेतला. तो वावगा नव्हता. पण १८९७ आणि १९०८ च्या कायद्यांनी तपासणी वाढतच गेली, कारण मुलाला स्वतःची तक्रार मांडता येत नाही. ह्या एका कारणापुढे इतर आक्षेप टिकले नाहीत.

तेव्हा तपासणी असावी, हे निर्विवाद. तिची मर्यादा ठरविताना प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावावी: उत्तराने मुलाचे काही बरे-वाईट होते काय? एका आयेच्या हाती किती मुले आहेत, दूध कोठून येते, मूल आजारी पडले तर कोणाला कळवावयाचे, आयेला विसावा मिळतो की नाही, हे विचारलेच पाहिजे. बारा तास जागलेली आया कितीही मायाळू असली तरी तिच्या हातून दुर्लक्ष होणारच. उलट, तिची जात कोणती, ती कोणत्या देवाला भजते, नवऱ्याजवळ राहते की एकटी, मुलाच्या आईचे लग्न झाले आहे की नाही, हे प्रश्न ह्या कसोटीला उतरत नाहीत. तपासनीस न कळविता यावा. पण कोणाच्या तक्रारीवरून आला हे त्याने कोणास कळू देऊ नये. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात ही गुप्तता आणली. गिरणीतील आईला नोकरी गमावण्याची जी धास्ती असते, तिचा विचार करता ही दुरुस्ती फार उशिरा झाली, असेच म्हणावे लागेल.

आणखी एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या तागगिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु पाळणाघर आणि प्रसूतिभत्ता हा खर्च केवळ स्त्री-कामगारांच्या संख्येवर बसविला, की स्त्रीलाच कामावर न घेणे मालकास सोयीचे होते, हे त्यांपैकी एक कारण. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा पाळणाघराची अट स्त्रियांच्या नव्हे, तर एकूण पन्नास कर्मचाऱ्यांच्या संख्येशी जोडण्यात आली. हा धडा शिकण्यास जवळजवळ शतक लागले.

आजच्या कोलकात्यात गल्लोगल्ली ‘आया सेंटर’च्या पाट्या दिसतात. तेथून बायका बारा-बारा तासांच्या पाळीवर मुले आणि रुग्ण सांभाळण्यास घरोघर जातात. कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचलेला तपासनीस ह्या घरांच्या दाराशी थबकतो. उद्या तो दार ठोठावील तेव्हा आयेच्या चारित्र्याची चौकशी करील, की तिच्या मांडीवरील मुलाने केव्हा दूध घेतले आणि तिने स्वतः केव्हा जेवण घेतले हे विचारील, ह्यावरच त्या तपासणीची योग्यता ठरेल.